टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी का थांबते?

एप्रिल १९२५ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडून ती विकायला काढली. कारखान्यातूनच तयार होऊन येणारा फोर्डचा हा पहिला पिकअप. शेतकऱ्यांना तो सोयीचा होता. पण तीव्र चढावर मात्र टाकीत पेट्रोल असूनही कधी कधी बंद पडे.

कारण साधे होते. या गाडीला पेट्रोलचा पंपच नव्हता. टाकी आसनाखाली, तर कार्बुरेटर पुढे इंजिनापाशी. पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने वाहत असे. टाकीत पेट्रोल कमी असताना गाडीचे नाक वर झाले, की कार्बुरेटर पेट्रोलच्या पातळीपेक्षा उंच जाई. मग चालक गाडी वळवून चक्क उलटी चढवत!

पुढे टाकी मागे गेली आणि पंप आला. फोर्डच्या १९३२ च्या व्ही-८ गाड्यांत तो इंजिनावर होता. हा पंप पेट्रोल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. पण आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, हे टोरिचेलीने १६४४ सालीच लिहून ठेवले होते. पंप नळीतला दाब फक्त कमी करतो; पेट्रोल ढकलते ती टाकीतली हवा.

हे ध्यानात घेतले, की जुन्या पिकअपचे दोष उलगडतात. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक बुजले, तर हवा आत येत नाही. गाडी थोडी धावून थांबते, काही वेळाने पुन्हा सुरू होते. नळीला चीर गेली, तर पेट्रोल गळतेच असे नाही. उलट हवा आत शिरते. उन्हाळ्यात कमी दाबामुळे पेट्रोल नळीतच उकळते आणि पंपात वाफ अडकते. घाटात पंपावर ओले फडके ठेवणारे चालक याच कारणाने ते ठेवत. नंतर विजेचा पंप टाकीतच बसवू लागले. तो खरोखरच ढकलतो. नळीतला दाब वाढतो आणि पेट्रोल सहसा उकळत नाही.

वर्गात बाटलीच्या तोंडात स्ट्रॉ घालून भोवतीची फट मळलेल्या कणकेने बंद करा आणि विद्यार्थ्याला पाणी प्यायला सांगा. एखादा घोट येईल, मग पाणी अडेल. कणीक जरा सैल करताच ते पुन्हा येईल. पंप बदलण्याचा खर्च करण्याआधी झाकण सैल करून का पाहावे, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.