कोकणात सुट्टीवर असताना पळायला कुठे जायचं? आधी तिथी बघा, मग नकाशा

गुहागरच्या किनाऱ्यावर सकाळी सहाला पळायला उतरलं, तर एखाद्या दिवशी समोर चार-पाच किलोमीटरची ओली, घट्ट वाळू पसरलेली असते. आठवड्याभराने त्याच वेळी, त्याच जागी यावं तर ती घट्ट वाळू पाण्याखाली गेलेली असते आणि पळायला उरते ती फक्त वरची भुसभुशीत पुळण. किनारा तोच असतो, तिथी बदललेली असते.

शहरात पळणाऱ्याला रस्ता शोधायला फोनवरचा नकाशा पुरतो. कोकणात तो पुरत नाही. उपग्रहाचा फोटो ओहोटीला काढलेला असेल, तर स्क्रीनवर किनारा भलताच रुंद दिसतो. धावण्याच्या ॲपवर एखाद्या ठिकाणी ठळक रेघ दिसली, तर तिथून कुणीतरी पळालं होतं एवढंच कळतं. ते किती वाजता पळालं आणि तेव्हा पाणी कुठे होतं, हे ती रेघ सांगत नाही.

कोकणचा किनारा सलग का नाही?

सह्याद्रीतून निघालेल्या डोंगरांच्या सोंडा जागोजागी थेट समुद्रात घुसतात. दोन सोंडांच्या मधे वाळूची एक कमान, मग कातळ, मग खाडी, की पुन्हा वाळू. त्यामुळे एका गावातून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने पुढच्या गावात पोहोचणं बहुतेक ठिकाणी शक्यच नसतं. दाभोळहून समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायलासुद्धा फेरीबोट लागते. मधला रस्ताही सरळ नाही. तो खाडीपासून वर सड्यावर चढतो आणि पुन्हा उतरतो. मैदानी शहरात सहज दहा किलोमीटर पळणाऱ्याला इथले पाच किलोमीटरही दमवतात, त्यात हवेतला दमटपणा वेगळाच.

म्हणून पळायला इथे साधारण तीनच जागा मिळतात : वाळू, वाडीतला रस्ता आणि सडा. त्यातली कोणती, हे त्या दिवशीची भरती ठरवते.

तिथीवरून भरती कशी काढतात?

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ साधारण पाऊण तास ते ५० मिनिटं पुढे सरकते. यावरूनच जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही १५ धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. पूर्ण ओहोटी त्यानंतर किंवा आधी सहा-सव्वासहा तासांनी.

हा अंदाज आहे. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास, कधी थोडा जास्त, इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ हवी असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटीची माहिती असते. उंच लाटांचे इशारेही तिथेच मिळतात.

पळणाऱ्यासाठी या हिशेबाचा अर्थ सोपा आहे. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या सकाळी पाणी खूप मागे असतं, वाळू हवी तेवढी. सप्तमी ते एकादशी या काळात मात्र सकाळी भरती असते.

यात एक मेख आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी जितकं लांब मागे जातं तितकंच वर चढतं, आणि भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत सर्वांत वेगाने चढतं. पौर्णिमेला सहाला निघालेला माणूस फोटो काढत साडेआठपर्यंत रेंगाळला, तर जाताना घोट्याएवढ्या पाण्याचा वाटलेला ओहळ परतताना गुडघ्यावर आलेला असू शकतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही.

वाळूवर कुठे पळायचं?

लांब, सरळ आणि मधे कातळ नसलेला किनारा सर्वांत चांगला. गुहागर, दिवेआगर, दापोलीजवळचं मुरूड आणि कर्दे, मालवणजवळचं तारकर्ली ही त्यातली नावं. ओल्या वाळूचा पट्टा पळायला बरा, पण तो समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने खूप वेळ पळालं की एका बाजूचा गुडघा आणि कंबर कुरकुरते. तेवढंच अंतर परत पळत आलं की उतार दुसऱ्या पायाकडे जातो.

खाडीच्या मुखापाशी मात्र थांबायचं. तिथे वाळू मऊ असते, प्रवाहाला ओढ असते, आणि वरून शांत दिसणारं पाणी अचानक खोल होतं. देवबागचं टोक दिसायला कितीही सुंदर असलं, तरी कर्ली नदी समुद्राला मिळते त्या कडेवर पळायचं काही कारण नाही.

अनवाणी पळण्याचा मोह होतो. पण जाळ्यातून टाकून दिलेल्या माशांचे काटे, फुटक्या बाटल्या आणि मधूनच वाहून आलेले जेलीफिश बघता बूट बरे.

कातळावर का नाही?

हरिहरेश्वरचं उदाहरण पुरेसं आहे. देवळामागे पायऱ्या उतरून गेलं की लाटांनी कोरलेल्या खडकांवरून जाणारा प्रदक्षिणेचा मार्ग आहे. तो ओहोटीलाच करायचा असतो. इथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. खडक शेवाळलेला असतो, आणि दहा छोट्या लाटांनंतर येणारी अकरावी लाट मोठी असू शकते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत गेलेले पर्यटकही भरती लागली की अडकतात. कातळावरून समुद्र बघावा. पळण्याची ती जागा नाही.

सकाळी भरती असेल तर?

वाडीत शिरायचं. गुहागरला किनाऱ्याला समांतर जाणारा पाटाचा रस्ता आहे : नारळी-पोफळीची सावली, दोन्हीकडे जांभ्याची कुंपणं, वाहनं कमी. कोकणातल्या सकाळचा खरा वास याच रस्त्यावर येतो, हे किनाऱ्यावरच थांबणाऱ्यांना कळत नाही. श्रीवर्धनला समुद्राकाठी बांधीव पदपथ आहे. तो भरतीतही चालतो.

गणपतीपुळे आणि रत्नागिरीच्या मधला आरे-वारेचा रस्ता फोटोंमुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथे उजाडल्या उजाडल्या पळावं आणि पर्यटकांच्या गाड्या यायच्या आत परतावं. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, पदपथ नाही. गाड्या समोरून येताना दिसाव्यात म्हणून उजव्या कडेने पळायचं आणि आंधळ्या वळणावर चालायचं. कानात इअरफोन नकोत.

सड्यावर जाताना

वरचा सडा मोकळा, वारा भरपूर, आणि खाली समुद्र. पण जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असतो, पाय मुरगळायला एक खळगा पुरतो. पावसात तोच निसरडा होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं हा विषारी साप बराच आढळतो आणि तो रात्री फिरतो. म्हणून अंधारात सड्यावर जाऊ नये आणि मळलेली वाट सोडू नये. साप चावलाच तर पळत खाली येऊ नये. हालचाल कमीत कमी ठेवून १०८ ला फोन करावा. मोबाइलला रेंज सगळीकडे नसते, त्यामुळे कुठे जातोय हे मुक्कामाच्या घरी सांगूनच निघावं.

काही सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. सगळ्यांभोवती कुंपण नाही. रेषा उथळ असल्याने पळताना लक्षातही येत नाहीत, त्यामुळे आधी चौकशी करावी.

गावात कोणाला विचारायचं?

मुक्कामाच्या घरी काका-काकू असतात, त्यांना. प्रश्न नेमका हवा : “उद्या सकाळी वाळूवरून कुठपर्यंत जाता येईल?” कुत्री कुठल्या वळणावर अंगावर येतात, सुरूच्या बनातली कुठली बाजू एकट्या बाईने पहाटे टाळावी, हे कुठल्याच नकाशावर नसतं. त्यांना मात्र ते माहीत असतं.

पहाटे तारकर्लीसारख्या किनाऱ्यावर रापण ओढत असतील, तर दोर वाळूवर आडवे ताणलेले असतात. दोरावरून उडी मारून जाऊ नये, ओढणाऱ्यांच्या मागून वळसा घालावा. आणि हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखी रुंद खूण पाण्यातून वर गेलेली दिसली, तर ती रात्री अंडी घालायला आलेल्या कासविणीची असू शकते. खुणेवर पाय न देता गावातल्या कासवमित्राला किंवा वन विभागाला कळवायचं.