तीन पौंड, तीन वर्षं आणि एक परवाना

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा अमेरिकेतून फोन आला. दहावीपर्यंत माझ्याकडे मराठी शिकलेला, आता तिथं कामाच्या व्हिसावर. कंपनीने दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसात बसवलंय, त्यामुळे व्हिसाची कागदपत्रं पुन्हा भरायची, आयकर दोन्ही राज्यांत दाखवायचा. ग्रीन कार्डची रांग तर हलतच नाही. बहिणीच्या निकाहला येईन की नाही सांगता येत नाही, म्हणाला. आलो आणि परतीचा शिक्का अडकला तर? मग एकदम विचारलं, "सर, आपल्या लोकांवर हे पूर्वी कधी आलं होतं का?"

आलं होतं, आणि तेही शंभर वर्षांपूर्वी, दक्षिण आफ्रिकेत.

तिथं हिंदी माणसं दोन वाटांनी गेली. 1860 पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये गेले, पाच वर्षांच्या करारावर. त्यांत आपले कोकणातले लोक फारसे नव्हते. आपले गेले ते स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, म्हणून त्यांना 'पॅसेंजर' म्हणत. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे बडा शेठ येतो. पण इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केप टाऊनच्या जुन्या परवान्यांच्या फायली तपासल्या, तर त्यांत हातावर पोट असलेले कितीतरी निघाले. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान त्यांत बरेच.

कर आधी गिरमिटियांवर बसला. करार संपला की परत जा, नाहीतर पुन्हा गिरमिट घ्या, हे दोन्ही नको असेल तर माणशी वर्षाला तीन पौंड भरा, असा नाताळचा 1895 चा कायदा. सुरुवातीला सरकारला पंचवीस पौंड हवे होते! तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, आणि गिरमिटियाचा पहिल्या वर्षाचा पगार महिन्याला दहा शिलिंग. गणित मुलांना घालण्यासारखं आहे: सहा महिन्यांची मजुरी नुसती राहण्याच्या परवानगीपोटी. 1903 मध्ये हा कर सोळा वर्षांवरच्या मुलांवर आणि तेरावरच्या मुलींवरही लावला. चौघांचं घर असेल तर बारा पौंड.

ट्रान्सवालमध्ये नोंदणीचे तीन पौंड वेगळे. ऑरेंज फ्री स्टेटने तर 1891 मध्ये हिंदी व्यापाऱ्यांना हुसकूनच लावलं.

केपमध्ये आपल्या लोकांना नडला तो परवाना. 1906 च्या कायद्यानंतर तिथल्या रहिवाशाला मुलखात जाऊन यायचं असेल, तर निघण्यापूर्वी एक पौंड भरून परवाना काढावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे आणि मुदत. मुदतीत परतला नाही तर वर्षानुवर्षांचं वास्तव्य गेलं, पुन्हा नवखा. आणि नवख्याला युरोपीय भाषेची परीक्षा. मराठी, उर्दू येत असली तरी तो तिथं अडाणीच. भाषेचा शिक्षक म्हणून मला ही गोष्ट फार लागते. आईचं आजारपण, शेताचा वाद, पावसात अडकलेली बोट, यांतलं काहीही त्या मुदतीत बसवायचं होतं.

1913 मध्ये दोन घाव बसले. मार्चमध्ये केपच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न कायद्याने लग्न नव्हे. हसन इसप यांची पत्नी बाई मरियम यांना म्हणून उतरू दिलं नाही. निकाह पढून आणलेली बायको, आणि सरकारदरबारी ती कुणीच नाही! हिंदूंची लग्नंही त्यात सापडली. दुसरा घाव त्या वर्षीच्या इमिग्रेशन कायद्याचा: आता एका प्रांतातल्या हिंदी माणसाला परवानगीशिवाय दुसऱ्या प्रांतात जाता येईना. कस्तुरबा सप्टेंबरमध्ये तुरुंगात गेल्या, त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालमध्ये पाऊल ठेवलं. नोव्हेंबरच्या मोर्चाने तीच हद्द ओलांडली. त्यात 2,037 पुरुष, 127 बायका आणि 57 मुलं होती.

या साऱ्यात आपल्या वाट्याची एक आठवण आहे, ती शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. 1912 च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले तिथं गेले होते, हा कर उठवा म्हणून सरकारशी बोलायला. गोखले जन्माने गुहागरजवळच्या कोतळूकचे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेच्या सत्याग्रहावरच्या पुस्तकात लिहिलंय की जोहान्सबर्गला कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय हिंदूही होते, आणि गोखल्यांनी मराठीत बोलावं अशी त्या सर्वांची फार इच्छा होती. भाषांतर मी करतो, असं गांधीजी म्हणाले तेव्हा गोखल्यांना हसू आवरेना, कारण गांधीजींना मराठीचा एक शब्द बोलता येत नव्हता. तरी ते भाषण मराठीत झालं. त्यानंतर तर झांझिबारपर्यंत गोखले अशा सभांमध्ये मराठीतच बोलत गेले. आपल्या मुसलमानांना मराठीशी काय देणंघेणं, असं मला आजही स्टाफरूममध्ये ऐकावं लागतं. तेव्हा मी ही गोष्ट सांगतो.

कर उठेल असं गोखले समजून परतले, पण वर्षभरात सरकारने असा शब्द दिलाच नव्हता म्हणून हात झटकले. संप, मोर्चे, तुरुंग झाल्यावर 1914 च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला, एका पत्नीला मान्यता मिळाली. प्रांतांच्या हद्दी मात्र राहिल्या. त्यांतलं बहुतेक बंधन उठायला 1975 साल उजाडलं. 1927 मध्ये नवा नियम आला: सलग तीन वर्षं बाहेर राहिलात की वास्तव्याचा हक्क संपला. 1953 नंतर तर हिंदुस्थानातून बायको आणणंही बंद झालं.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, ज्यांची मुदत टळली, ते मग इकडेच राहिले असतील ना?"

राहिले. दुकान तिकडे भागीदाराकडे, आणि ते इकडे गावात. कधी मुलगा वयात बसत असेल, तर आपल्या जागी त्याला बोटीवर चढवलं.

बहिणीचा निकाह डिसेंबरात आहे. त्याने अजून तिकीट काढलेलं नाही.