लोकरीनें रंगविलेलीं चित्रें

भिंतीवर काचेआड लावलेला मोत्यांचा पोपट आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. तो करणाऱ्या आत्याबाईंचें आपण दोन शब्दांनीं कौतुक करतों, आणि चहा येतांच तो पोपट विसरतों. मेरी लिनवुड या इंग्रज बाईंची हकीकत वाचल्यापासून आम्हांस ही आपली संवय खटकूं लागली आहे.

बाईंचा जन्म १७५५ सालीं बर्मिंगहॅम येथें झाला. पुढें हें कुटुंब लेस्टर शहरीं आलें. तेथें आईनें मुलींची शाळा काढली, आणि तिच्या मागें मेरीबाईंनीं ती दीर्घकाळ चालविली. त्या शाळांतून भरतकाम शिकवीत तें मुलगी सुगृहिणी व्हावी म्हणून. त्याच सुईनें बाईंनीं काय केलें पाहा. मुद्दाम रंगवून घेतलेले लोकरीचे धागे आणि कुंचल्याच्या फटकाऱ्यांप्रमाणें लहानमोठे टांके एवढ्या सामग्रीवर त्यांनीं रेनॉल्ड्स, गेन्सबरो, स्टब्स यांचीं तैलचित्रें कापडावर उतरविलीं. दुरून पाहणारा फसे!

१७९८ सालीं लंडनमध्यें हॅनोव्हर स्क्वेअर येथें त्यांनीं आपलें स्वतंत्र प्रदर्शन मांडलें. पुढें तें एडिंबरो, डब्लिन अशा दूरच्या शहरींहि गेलें. नंतर लंडनांतच लेस्टर स्क्वेअरमधील सॅव्हिल हाउस येथें त्यास कायमची जागा मिळाली. तेथील मांडणी मोठी चतुर होती. लेडी जेन ग्रे तुरुंगाच्या कोठडींत दिसे, वाघीण गुहेंत. आणि गॅसच्या दिव्यांमुळें रात्रींहि लोक येत. प्रवेशास पैसे पडत, तरी गर्दी हटत नसे.

हा सारा दुसऱ्यांचा कित्ताच नव्हे काय, असें कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, व तो आम्हीं झांकीत नाहीं. परंतु लंडनची नॅशनल गॅलरी १८२४ सालीं स्थापन झाली. त्यापूर्वीं थोर चित्रें बहुधा सरदारांच्या वाड्यांत कोंडलेलीं असत. गांवोगांवच्या सामान्य कुटुंबांना तीं प्रथम भेटलीं तीं या लोकरींतून. शिवाय बाईंची चिकाटी! ‘केनला शिक्षा’ या चित्रावर त्या दहा वर्षें खपल्या, आणि तें पुरें झालें तेव्हां वय पंचाहत्तर होतें. कार्लो डोल्चीच्या ख्रिस्ताच्या प्रतिकृतीस तीन हजार गिनी देऊं केल्या असतां त्यांनीं त्या नाकारल्या, व तें चित्र मृत्युपत्रानें व्हिक्टोरिया राणीस दिलें.

उरलेल्या संग्रहाची मात्र दैना झाली. तो राष्ट्राच्या हवालीं करावा ही बाईंची इच्छा. पण ब्रिटिश म्यूझियमनें तो घेतला नाहीं. १८४५ सालीं बाई वारल्या, आणि दुसऱ्याच वर्षीं ख्रिस्टीच्या लिलावांत तीं चित्रें मातीमोल गेलीं. शिवण म्हणजे कला नव्हे, असें ज्यांनीं ठरविलें त्यांत किती जणांनीं हातीं सुई धरली होती, असें विचारावेंसें वाटतें. सॅव्हिल हाउस १८६५ सालीं जळालें. बाईंनीं लोकरींत काढलेला नेपोलियन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्यूझियममध्यें आहे.