पेनिसिलीनची पिंपरी

पिंपरीच्या कामगारवस्तीचा इतिहास सांगताना बहुतेक जण टेल्को आणि बजाजपासून आरंभ करतात. वस्तुतः तो त्याआधीचा आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी येथे वसली. आज 'पिंपरी कॅम्प' म्हणून गजबजलेली बाजारपेठ ती हीच. पुढे १९५४ साली केंद्र सरकारच्या मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागले. परदेशातून आणावे लागणारे औषध देशातच, आणि तेही पुण्याजवळच्या एका लहानशा गावी होऊ लागले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. हॅमायसिन हे बुरशीनाशक औषधही येथील प्रयोगशाळेतूनच निघाले, डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे.

पेनिसिलीन ही बुरशीची उपज. मोठमोठ्या टाक्यांत तिची वाढ होत असताना निर्जंतुक हवा, तापमान, वाफ यांपैकी काहीही क्षणभर चुकले तर सारा घाणा वाया जातो. म्हणून तीन पाळ्या, आणि म्हणूनच कारखान्याला लागून कामगारांची घरे. एच. ए. कॉलनी अशी जन्मली. उत्पादनाच्या गरजेतून वसाहत निर्माण झाली खरी, पण तिच्यात शेजारधर्मही रुजला.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळाने होरपळलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातून माणसे या पट्ट्यात आली. त्यांत नगर जिल्ह्यातील आमचे कॅथॉलिक बंधुभगिनीही होते. शेतमजुरी आणि साखर कारखान्यांचे मळे मागे टाकून आलेली ही कुटुंबे गोवेकर, मल्याळी व तमिळ श्रद्धावंतांच्या शेजारी मिस्सेला बसू लागली. ही सरमिसळ पाळ्यांच्या वेळापत्रकाने घडवून आणली, असे मला वाटते. सप्टेंबरमध्ये मात्र ओढ असे ती हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेची.

याच १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना परवडणारी घरे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. आज प्राधिकरणातील भूखंडांचे भाव विचारले तर त्या हेतूची आठवण काढणाऱ्याला हसू येईल. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांची साडेबारा टक्के परताव्याची मागणी तर वर्षानुवर्षे चालूच राहिली.

१९९१ नंतर आयात खुली झाली आणि चीनमधून येणाऱ्या स्वस्त कच्च्या औषधांपुढे पिंपरीचा कारखाना टिकेना. १९९७ साली तो आजारी उद्योग ठरला. पगार थकले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची अतिरिक्त जमीन विकून देणी भागवण्यास संमती दिली. ज्या जमिनीवर औषध पिकत होते, ती जमीनच आता विक्रीचा माल ठरली. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातील वाहनांचे उत्पादन २००७ साली थांबले. २०२२ साली तेथे विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. दरम्यान वाहन उद्योगाचा मोठा भाग चाकणकडे सरकला. तेथे कारखाने आहेत, पण कारखान्याला लागून कामगारांची कॉलनी मात्र क्वचितच. ठेकेदाराकडील तरुण भाड्याच्या खोलीत चौघेजण मिळून राहतो.

श्रम हा भांडवलाच्या आधी येतो, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात बजावले होते. पिंपरीत त्या वाक्याची परीक्षा अजून संपलेली नाही. मार्च २०२२ पासून मेट्रो पिंपरीपर्यंत धावू लागली. भोंग्यावर दिवस मोजणारे जुने कामगार आता सत्तरीपलीकडे आहेत, आणि त्यांची नातवंडे चाकणच्या कंपनीची बस पकडण्यासाठी पहाटे पाचला घराबाहेर पडतात.