पालथे भिक्षापात्र आणि रोहिंग्यांचा प्रश्न : म्यानमारच्या लढ्यातून आपण काय शिकायचे?

वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात चर्चा चालू होती. एका तरुणाने विचारले, "म्यानमार तर बौद्ध देश आहे. मग तिथले सैन्य आपल्याच जनतेवर गोळ्या का झाडते?" प्रश्न अडचणीचा होता. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, हे आम्ही भाषणात अभिमानाने सांगतो. त्यानंतर त्या देशाचे काय झाले, हे मात्र सांगत नाही. म्हणून हा लेख.

म्यानमारमध्ये बामार समाज बहुसंख्य आहे. शान, काचिन, करेन, चिन, राखाइन असे अनेक समाज सीमाभागात राहतात. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन प्रतिनिधींशी पांगलाँग करार केला आणि सीमाभागाला अंतर्गत कारभारात स्वायत्ततेचे वचन दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये आंग सान यांची हत्या झाली आणि ते वचन कागदावरच राहिले. १९६१ मध्ये ऊ नू सरकारने बौद्ध धर्माला राजधर्म केले. काचिन आणि चिन लोकांत ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत. त्यांना आपण या देशात दुय्यम ठरलो असे वाटले, तर त्यात चूक काय? १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली. देश फुटू नये म्हणून सैन्य हवे, असे कारण पुढे करण्यात आले.

या सत्तेविरुद्ध जनता वारंवार निःशस्त्र उभी राहिली. ८ ऑगस्ट १९८८ च्या सार्वत्रिक संपात विद्यार्थी, कामगार, भिक्खू सारे रस्त्यावर आले. सैन्याने हजारोंचे बळी घेतले. १९९० च्या निवडणुकीत आंग सान सू की यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, तरी सत्ता दिली गेली नाही.

२००७ मध्ये इंधनाचे दर अचानक वाढले. पकोक्कू येथे सैनिकांनी भिक्खूंना मारहाण केली. भिक्खूंनी माफी मागा म्हटले, ती मिळाली नाही. तेव्हा त्यांनी आपली भिक्षापात्रे पालथी केली. ही प्रथा विनयातली आहे. वड्ढ लिच्छवीने एका निर्दोष भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्यासाठी पात्र पालथे केले होते. दान नाकारणे म्हणजे दात्याचे पुण्य नाकारणे. विहारांना देणग्या देऊन प्रतिष्ठा मिळवणाऱ्या सेनाधिकाऱ्यांना हा बहिष्कार फार झोंबला. हातात शस्त्र न घेता सत्तेची मान्यता काढून घेता येते, हे भिक्खूंनी दाखवले. पुढे दडपशाहीने ते आंदोलन मोडले.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. काही वर्षांतच याच चीवराच्या आडून विराथूसारखे भिक्खू मुस्लिमांविरुद्ध विष पसरवू लागले. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना आधीच देशाबाहेरचे ठरवले होते. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. डिसेंबर २०१९ मध्ये सू की स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाच्या बचावाला उभ्या राहिल्या. लोकशाहीची नेती सैन्याची ढाल झाली! बहुसंख्य समाजानेही तेव्हा तिलाच साथ दिली.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच सैन्याने तिलाच तुरुंगात टाकले. दोन दिवसांत सरकारी दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्स कामावरून बाहेर पडले. मागोमाग शिक्षक, रेल्वे कामगार, बँक कर्मचारी आले. कपडा कारखान्यांतल्या मुली यांगूनच्या रस्त्यावर उतरल्या. सैन्याच्या मालकीच्या मालावर बहिष्कार पडला. २४ मार्चला लोक घरातच बसले आणि शहरे ओस पडली.

बायकांनी आपल्या लुंग्या दोरीवर टांगून गल्ल्या अडवल्या. त्याखालून गेल्यास पुरुषाचे तेज जाते, ही तिथली समजूत. सैनिक त्या उतरवत बसले. विटाळाचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. ज्या विटाळाने बाईला हीन ठरवले, तोच तिने सैन्याच्या वाटेत टांगला. ८ मार्चला तर त्याच लुंग्यांचे झेंडे झाले.

आणखी एक गोष्ट घडली. सैन्याची क्रूरता स्वतः पाहिल्यावर अनेक बामार तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. जूनमध्ये सैन्यविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने १९८२ चा कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले. पण फार उशीर झाला होता. गोळ्या चालतच होत्या आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्या सरकारने सशस्त्र युद्ध पुकारले.

मग अहिंसा हरली का? कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सत्याग्रह आणि असहकार सोडून द्यायला सांगितले होते. खरे आहे. पण संवैधानिक मार्ग खुला असेल तर, हे विसरू नये. म्यानमारमध्ये तो मार्ग रणगाड्यांनी बंद केला होता. त्याच भाषणात त्यांनी हेही बजावले की सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकत नाही. म्यानमारचा लढा याच पायावर अडला. सीमाभागातली गावे जळत होती, तेव्हा शहरांनी असहकार पुकारला नाही. सैन्याला एकेका समाजाला वेगळे गाठून चिरडता आले.

२० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या लोकांवर हल्ला झाला, तरी बाबासाहेबांनी त्यांना हात उगारू दिला नाही. ती शिस्त आपला वारसा आहे. पण शिस्तीबरोबर एक प्रश्नही हवा : आपल्या मोर्चात कोण नाही? भटके-विमुक्त आहेत का? आदिवासी, मुस्लिम, आपल्याच घरातल्या बाया पुढच्या रांगेत आहेत का? त्यांच्यावर संकट येते तेव्हा आपण कामधंदा सोडून बाहेर पडतो का?

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले : देशावर बौद्ध अशी पाटी लावल्याने मैत्री आणि करुणा येत नाही. शेजाऱ्याचे घर जळताना आपण कुठे उभे होतो, यावरून ती कळते.

जय भीम! नमो बुद्धाय!