रानपिंगळा आणि सिवर्डिएला ट्युबेरिफेरा : नमुन्यांच्या साधनमूल्याचा तौलनिक विचार

प्रस्तावना

साधनांची चिकित्सा ही इतिहासलेखनाची पहिली पायरी होय. संग्रहालयातील नमुना व त्यावरील नोंदपट्टी हीसुद्धा ऐतिहासिक साधनेच आहेत. त्यांनाही हा निकष लावणे का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात एक पक्षी व एक यकृतका (ओलसर जमिनीवर पसरणारी अपुष्प वनस्पती) यांच्या तुलनेतून केला आहे.

रानपिंगळा

आजच्या छत्तीसगढमधील फुलझर भागात १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना मिळालेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या घुबडाचे वर्णन केले व जातीला ब्लेविट यांचे नाव दिले. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात नमुने मिळविले. त्यांपैकी अखेरचा १८८४ मधील. मात्र आपल्याला १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याचा दावा रिचर्ड माइनर्ट्झहागन यांनी केला होता. तो नमुना म्हणजे डेव्हिडसन यांचाच चोरलेला व नव्याने भरलेला पक्षी होता, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. तत्पूर्वीच ही खोटी नोंद बाजूला सारून अस्सल नोंदींच्या ठिकाणी शोध घेणाऱ्या रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला.

सिवर्डिएला ट्युबेरिफेरा

योगायोग असा की, १९१४ मध्येच लाहोरचे प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी पश्चिम हिमालयातील यकृतकांवरील लेखमाला 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये सुरू केली. त्यातच १९१५ मध्ये या जातीचे वर्णन आले. कश्यप हे केंब्रिजला शिकलेले. प्रजातीला त्यांनी तेथील ए. सी. सिवर्ड यांचे नाव दिले. 'ट्युबेरिफेरा' हे जातिनाम मात्र वनस्पतीच्या जीवनक्रमावरून आले आहे. कोरड्या ऋतूपूर्वी तिच्या कायकाचे टोक मातीत शिरून कंद बनते व पुढील पावसात त्यातून नवी वाढ होते.

निष्कर्ष

दोन्ही नावांत इंग्रज व्यक्तींचा गौरव आहे. परंतु वनस्पतीच्या नावात प्रत्यक्ष निरीक्षणही नोंदले गेले, तर पक्ष्याविषयीचे ज्ञान ११३ वर्षे नोंदपट्टीच्या खरेपणावर अवलंबून राहिले. आपल्या महाविद्यालयांतील नमुन्यांवर स्थळ, दिनांक व संग्राहक यांची प्रामाणिक नोंद ठेवणे आणि जुन्या नोंदी तपासणे हे केवळ जीवशास्त्र विभागाचे काम नव्हे; इतिहास विभागानेही त्यात सहभागी व्हावयास हवे.