तौलनिक लाभ

दुसऱ्या वस्तूच्या उत्पादनाचा तुलनेने कमी त्याग करून एखादी वस्तू निर्माण करण्याची प्रदेशाची वा व्यक्तीची क्षमता. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये ही कल्पना मांडली (पहा : रिकार्डो, डेव्हिड). त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापडासाठी पोर्तुगालला ९० व इंग्लंडला १००, तर मद्यासाठी अनुक्रमे ८० व १२० मजुरांचे वर्षभराचे श्रम लागतात. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने मद्य व इंग्लंडने कापड करून अदलाबदल केल्यास अनुक्रमे १० व २० मजुरांचे श्रम वाचतात.

वऱ्हाडातील कळंब (यवतमाळ जिल्हा) परिसरातील ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत असे एकाच उत्पादनावर भर देणारे विशेषीकरण कपाशीत दिसते. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील लँकेशरच्या गिरण्यांचा कापूसपुरवठा तुटला आणि वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली. पुढे कापूस वाहतुकीसाठी यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंदमापी लोहमार्ग झाला (पहा : शकुंतला रेल्वे). जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते. रुई सूतगिरणीला, सरकी तेल व ढेपेसाठी जाते. कास्तकार कापूस विकून धान्य-किराणा घेतो. लाभाची वाटणी मात्र विनिमयाच्या दरावर ठरते. पेरणीनंतर भाव पडल्यास उभे पीक बदलता येत नाही, ही जोखीम रिकार्डोंच्या मांडणीबाहेर राहते (पहा : हमीभाव).